सपाट टीव्ही मोडीत काढून हाती काय लागतं?

दिवाळीची आवराआवर निघाली की माळ्यावरून काय काय खाली उतरतं ते तुम्हाला सांगायला नको. दांडी तुटलेला कुकर, चेपलेली घागर, मुलांच्या लहानपणची तीनचाकी सायकल. गेल्या काही वर्षांत या मंडळींत एका नव्या पाहुण्याची भर पडली आहे. जुन्या चादरीत गुंडाळलेला, भिंतीला टेकवून ठेवलेला, बंद पडलेला सपाट टीव्ही! टाकून द्यायला मन होत नाही, कारण घेताना वीस-बावीस हजार मोजलेले असतात. दुरुस्तीला नेऊ या म्हणून यजमानांच्या मागे लागून तुमचं तोंड दुखलेलं असतं. तेवढ्यात घरातला एखादा उत्साही दीर म्हणतो, "वहिनी, टाकता कशाला? आत तांबं असतं, सोनंसुद्धा असतं म्हणे. खोलून विकू, चार पैसे येतील."

आमच्या शेवगावात तर हा प्रश्न घरोघरचा झाला आहे. इथे विजेचा दाब कधी चढेल आणि कधी उतरेल याचा नेम नाही. शिवारातले पंप एकदम सुरू झाले की घरातले दिवे मिणमिणतात. वळवाच्या पावसात कडाडलं की गल्लीतल्या कोणाचा तरी टीव्ही गेलाच म्हणून समजा. त्यात पुन्हा पाली! उबेला म्हणून पाठीमागच्या फटीतून आत शिरतात, बोर्डावर बसतात आणि स्वतः मरतात त्या टीव्हीलाही घेऊन. तेव्हा मैत्रिणींनो, घरखर्चाची वही घेऊन आपण याचा एकदा सरळ हिशेबच मांडू या. खोलायची मेहनत परवडते का, आणि परवडत नसेल तर त्या धुडाचं करायचं काय?

तांब्याची गोष्ट आली कुठून?

घरातली वडीलधारी माणसं टीव्हीत तांबं असतं म्हणतात ते खोटं नाही. फक्त ती गोष्ट दुसऱ्या टीव्हीची आहे. मुंबईचं दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या वर्षी, १९८२ साली, चित्र रंगीत झालं. १९८७ मध्ये 'रामायण' लागलं तेव्हा एकेका टीव्हीपुढे अख्खी गल्ली मांडी घालून बसायची, ते तुमच्यापैकी पुष्कळजणींनी पाहिलं असेल. तो टीव्ही म्हणजे भलंमोठं खोकं. आत काचेची जाड नळी, तिच्या मानेभोवती तांब्याच्या तारेचं गच्च वेटोळं, आणि रंगीत असेल तर नळीच्या कडेनं तारेचा आणखी एक फेरा. भंगारवाले त्या खोक्यांना हसत हात लावायचे ते याच वेटोळ्यांसाठी. तांबं काढून घ्यायचं आणि काच कुठेतरी ओढ्याकाठी टाकून द्यायची, असा सगळा मामला. (त्या काचेत शिसं असायचं, हे तेव्हा कोणाच्या गावीही नव्हतं.)

सपाट टीव्हीत ती नळीच नाही, मग वेटोळं कुठून येणार? इथे दोन पातळ काचांच्या मध्ये द्रवस्फटिकाचा थर असतो, त्याच्या मागून दिव्यांचा उजेड सोडलेला असतो आणि चित्र दिसतं. तांबं म्हणाल तर भिंतीत खुपसायच्या वायरीत, वीज उतरवणाऱ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरात आणि बोर्डावरच्या कागदासारख्या पातळ पापुद्र्यात. बस्स!

स्वयंपाकघरातल्या काट्यावर

नुसतं सांगून पटत नाही म्हणून एक घडलेलं सांगते. शेवगावातल्याच माझ्या परिचयाच्या एका घरी २०१४ साली घेतलेला बत्तीस इंची एलईडी टीव्ही होता. नातवाचा चेंडू लागून पडदा तडकला. घरातला पुतण्या आय.टी.आय. झालेला, वायरमनचं काम करणारा, त्यामुळे त्याला खोलायची परवानगी मिळाली. काकू मोठ्या हिशेबी. त्या म्हणाल्या, "खोल बाबा, पण जे जे निघेल ते आधी माझ्या काट्यावर ठेव."

निघालं ते असं. पाठीचा पत्रा आणि आतली चौकट मिळून १ किलो ७५० ग्रॅम. प्लॅस्टिक दीड किलो. पडद्याची काच ९०० ग्रॅम. काचेमागे उजेड सारखा पसरवणारे पांढरे ताव असतात, ते ४०० ग्रॅम. दोन हिरवे बोर्ड ४५० ग्रॅम. दोन स्पीकर २०० ग्रॅम. दिव्यांच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या १०० ग्रॅम. आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्या वायरी, रबरी आवरणासकट, २०० ग्रॅम! एकूण साडेपाच किलो.

आता पैसे. भंगाराचे भाव रोज बदलतात आणि गावागणिक बदलतात, तेव्हा मी धरलेले दर बाजूला ठेवून तुम्ही तुमच्या भंगारवाल्याचे घाला. पत्रा किलोला २५ रुपये धरला तर त्याचे ४४ होतात. प्लॅस्टिक १० रुपयांनी १५. आवरणासकट वायर २५० रुपयांनी ५०. ॲल्युमिनियम १२० नं १२. टीव्हीचे बोर्ड ८० नं ३६. स्पीकर लोखंडाच्या भावात गेले, त्यांचे ५. काच आणि ताव कोणी घेतच नाही. बेरीज झाली १६२ रुपये.

तोच टीव्ही न खोलता सरसकट किलोला २० रुपयांनी घातला असता तर ११० रुपये आले असते. म्हणजे खोलून जास्तीचे मिळाले ५२. पुतण्याला लागले पावणेतीन तास. तासाला १९ रुपयेसुद्धा पडले नाहीत. वर पत्र्याची कड लागून अंगठा कापला, त्यासाठी धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागलं ते वेगळंच. काकूंनी वहीत तेही लिहून ठेवलं आहे.

पण खरा चटका पुढेच बसला. गावातल्या टीव्ही मेकॅनिकला हे कळलं तेव्हा तो हळहळला. "काकू, पडदा फुटला होता ना? मग बोर्ड चांगलेच असणार. असाच्या असा माझ्याकडे आणला असता तर पाचशे रुपये दिले असते." बोर्ड होते तर खरे, पण काढताना पडद्याला जोडलेल्या नाजूक पट्ट्या ओढून तुटल्या होत्या आणि एक बोर्ड पिळवटला होता. तेव्हा चालू बोर्ड गेला भंगारात, आणि भाव लागला छत्तीस रुपये!

तुम्ही सोन्याची जुनी अंगठी मोडता तेव्हा सोनार घट धरतो, तरी सोनं ते सोनंच राहतं. तांब्या-पितळेची भांडी मोडीत घातली तरी धातूचा भाव येतो. सपाट टीव्हीची गत उलटी. त्याची किंमत धातूत नाहीच मुळी. ती आहे चालू असलेल्या अख्ख्या भागात. तो भाग हातोड्यानं सुटा केला की घटच घट.

आणि ते सोनं?

आहे, सोनंही आहे. बोर्डावरच्या काही जोडांना आणि आतल्या चकत्यांना सोन्याचा इतका पातळ मुलामा असतो की तो काट्यावर दिसायचा नाही. त्यातही संगणकाच्या आणि मोबाइलच्या बोर्डात तो जास्त, टीव्हीच्या बोर्डात फारच कमी. म्हणून तर भंगाराच्या बाजारात टीव्हीचे बोर्ड हलक्या प्रतीचे समजले जातात. सोनाराच्या दुकानापुढची माती धुऊन कण काढणारे झारेकरी तुम्हाला माहीत असतील. त्यांना निदान पाणी आणि परात पुरते. इथे सोनं सोडवायला तीव्र ॲसिड लागतं. दिल्लीतल्या सीलमपुरात आणि उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादेत हा धंदा वर्षानुवर्षं चालला. बोर्ड जाळायचे, ॲसिडात बुडवायचे, उरलेलं पाणी आणि राख नदीकाठी सोडायची. मुरादाबादेत रामगंगेच्या काठची माती त्यानं नासली. या कामाला बायका आणि मुलंही बसत. कोणी यूट्यूबवरचा व्हिडिओ दाखवून "घरच्या घरी सोनं" म्हणाला, तर त्याला आधी विचारा, तो धूर कोणाच्या स्वयंपाकघरात जाणार आहे?

पडद्याच्या काचेबद्दलही अशीच एक आवई असते. तिच्यावर इंडियम नावाच्या महाग धातूचा थर असतो, हे खरं आहे. पण एका टीव्हीत तो ग्रॅमच्या अंशाइतकाच, आणि काढायला मोठी यंत्रं लागतात. आपल्यापुरती ती काच म्हणजे काच.

मग भंगारवाले तरी काय करतात, म्हणून आमच्या गल्लीत हातगाडी घेऊन येणाऱ्या मावशींना मी विचारलं. त्या हसल्या. "ताई, ह्यात काही न्हाई. पहिल्या डब्यात तांबं व्हतं, तव्हा आम्ही धावत यायचो. आता ह्यो चपटा कोणी दिला तर घेऊ का नको असं व्हतं. काच कुठं टाकावी?" मी विचारलं, वायरीचं आवरण कसं काढता? म्हणाल्या, "थोडं असलं तर सुरीनं. लई असलं तर जाळायचं, दुसरं काय?" आणि सांगता सांगता त्यांना खोकल्याची उबळ आली.

त्या खोकल्याचा त्या धुराशी काय संबंध ते डॉक्टरच सांगतील. पण वायरीचं प्लॅस्टिक जळतं तेव्हा त्यातून तिखट आम्लाचा वायू आणि डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं निघतात, हे पक्कं आहे. आणि आपण दारातून निरोप दिलेला टीव्ही शेवटी कोणाच्या तरी हाताखालीच फुटतो. पुण्यात १९९३ साली कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या बायकांनी आपली पंचायत उभी केली, पुढे त्यांच्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली, म्हणून तिथल्या बायकांना हातमोजे, ओळखपत्र आणि थोडीफार प्रतिष्ठा मिळाली. लहान गावांतल्या मावशींना यातलं काहीच नाही. तेव्हा निदान त्यांच्या हातात काय देतो आहोत ते आपल्याला ठाऊक हवं.

हातोडी घेण्यापूर्वी

घरात कोणी ऐकतच नसेल आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलं असेल, तर एवढं तरी त्याला वाचून दाखवा.

पहिली गोष्ट विजेची. प्लग काढला म्हणजे वीज गेली असं आपण समजतो. सपाट टीव्हीच्या वीजपुरवठ्याच्या बोर्डावर पेल्यासारखा उभा, गोल कपॅसिटर असतो. त्याच्यात तीनशे व्होल्टच्या वर दाब साठलेला असतो आणि बिघडलेल्या बोर्डात तो प्लग काढल्यावरही बराच वेळ टिकू शकतो. बोट लागलं तर असा झटका बसतो की हात मागे घेताना माणूस दुसरीकडे कुठेतरी आपटतो. हे काम मेकॅनिकचंच आहे.

दुसरी गोष्ट पाऱ्याची, आणि ती मी जरा सावकाश सांगणार आहे, कारण ती आपल्या स्वयंपाकघराशी आणि लेकरांशी येऊन भिडते. सुरुवातीच्या सपाट टीव्हींत, म्हणजे साधारण २०१०-१२ पर्यंत घेतलेल्यांत, पडद्यामागे एलईडीचे ठिपके नव्हते. पेन्सिलीहून बारीक, पडद्याइतक्या लांब काचेच्या नळ्या होत्या. आपल्या ट्यूबलाइटच्या धाकट्या बहिणीच म्हणा ना. बत्तीस इंची टीव्हीत त्या दहा-बारा, कधी सोळाही असत. प्रत्येकीत काही मिलिग्रॅम पारा. तुमचा टीव्ही यातला आहे का हे ओळखायला तो खोलायची गरज नाही. जाडीला चांगला चार बोटं, उचलायला दहा किलोच्या घरात, आणि पाठीवरच्या चिठ्ठीत नुसतं एलसीडी लिहिलेलं असेल तर तो नळ्यांचाच. त्याच चिठ्ठीत वॉटचा आकडाही असतो. बत्तीस इंचीला शंभराच्या पुढे आकडा असेल तर नळ्या, पन्नासच्या आसपास असेल तर एलईडी, असा ढोबळ अंदाज करता येतो.

उगीच भीती घालायची नाही. जुन्या तापमापीत जेवढा पारा असे त्या मानानं हा खूपच कमी. एखादी नळी फुटली म्हणून कोणी लगेच आजारी पडत नाही. पण पाऱ्याची वाफ डोळ्यांना दिसत नाही, वास येत नाही, आणि ती लहान मुलांना आणि पोटातल्या बाळाला सगळ्यात जास्त बाधते. जपानमधल्या मिनामाता गावी कारखान्याचा पारा समुद्रात गेला, माशांत गेला, माशांतून माणसांत गेला. १९५६ साली तो आजार उघडकीला आला. तिथल्या कितीतरी आया स्वतः धडधाकट दिसत होत्या, पण त्यांची बाळं जन्मतःच अधू निघाली. त्याच गावाचं नाव घेऊन २०१३ मध्ये पाऱ्यावरचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१८ साली भारतानंही तो मान्य केला. आपल्या घरातल्या नळीची तुलना त्या कारखान्याशी होणार नाही. पण दिवसाला दहा-दहा टीव्ही फोडणाऱ्या माणसाची होऊ शकते.

तेव्हा चुकून नळी फुटलीच तर काय करायचं? मुलांना आणि गरोदर सुनेला खोलीबाहेर काढा. खिडक्या उघडा, पंखा बंद करा, आणि पंधरा-वीस मिनिटं तुम्हीही बाहेर थांबा. मग हातातली अंगठी, बांगड्या काढून ठेवा, कारण पारा सोन्याला धरतो आणि सोनं पांढरं पडतं. केरसुणी वापरू नका, त्यानं पारा आणखी पसरतो आणि केरसुणीतच बसून राहतो. जाड पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांनी काचा गोळा करा, उरलेला चुरा चिकटपट्टीनं टिपा, शेवटी ओल्या कागदानं फरशी पुसा. हे सगळं, पुठ्ठ्यासकट, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घालून झाकण घट्ट लावा. मोरीत धुऊन टाकायचं नाही. आणि ती बरणी पुन्हा लोणच्याला नाही, हे सांगायला नकोच!

मरण्यापूर्वी नाडी पाहा

आपण टीव्ही फार लवकर मेला म्हणून जाहीर करतो. पुष्कळदा तो नुसता बेशुद्ध असतो.

रात्री खोलीतले दिवे घालवा आणि टीव्ही लावा. आवाज येतो, पण पडदा काळा? मग मोबाइलची बॅटरी पडद्याच्या अगदी जवळ तिरकी धरून पाहा. पुसट चित्र हलताना दिसलं, तर पडदा शाबूत आहे, फक्त मागचे दिवे गेलेत. एलईडीच्या पट्ट्या बदलून मिळतात. बत्तीस इंचीला हजार-दीड हजारात काम व्हायला हरकत नाही, आणि टीव्ही पुढे दोन-चार वर्षं चालतो. आवाजही नाही, लाल दिवाही नाही, तर बहुधा वीजपुरवठ्याचा बोर्ड. तोही दुरुस्त होतो. पडद्यावर उभ्या रेघा आल्या किंवा काच तडकली तर मात्र पैसे घालू नका. नवा पडदा घालायला जवळजवळ नव्या टीव्हीइतकाच खर्च येतो.

मेकॅनिककडे जाताना एवढं करा. "किती लागतील?" विचारण्याआधी "काय गेलंय?" विचारा. काढलेला जुना भाग परत मागा. आणि दुरुस्ती नको असेल तर "सुट्या भागांसाठी घेता का?" असं स्पष्ट विचारा. पडदा फुटलेला टीव्हीच त्यांना जास्त हवा असतो, कारण आतले बोर्ड ठणठणीत असतात. शेवगाव, पाथर्डीच्या बाजूला दुरुस्त केलेल्या जुन्या टीव्हीला गिऱ्हाईक आहे. ऊसतोडीहून परतलेली कुटुंबं, वस्तीवरची घरं नव्याचे पैसे घालू शकत नाहीत, त्यांना तो परवडतो. तुमच्या टीव्हीचा बोर्ड तिथे आणखी काही वर्षं मालिका दाखवत राहील.

जाता जाता एक हौसेची गोष्ट. एलईडी टीव्ही मेकॅनिकनं खोललाच, तर आतला जाड पांढरा ताव मागून घ्या. त्याला तो नकोच असतो. तो दोन पाटांवर आडवा ठेवून खाली छोटा दिवा लावला की भरतकामाचा नमुना कापडावर उतरवायला इतकं सुरेख साधन होतं! माझ्या एका मैत्रिणीनं त्यावर तीन पडद्यांची वेलबुट्टी उतरवली. दुधी काच विकत आणायची तर पैसे पडले असते.

शेवटी द्यायचा कोणाला?

दुरुस्त होत नाही, भागांसाठीही कोणी घेत नाही, अशा टीव्हीचं काय? घंटागाडीत टाकू नका, ते तर नक्कीच. कायद्यानं ही जबाबदारी खरं म्हणजे बनवणाऱ्या कंपनीची आहे. आपल्याकडे ई-कचऱ्याचे नियम पहिल्यांदा २०११ साली निघाले आणि १ मे २०१२ पासून लागू झाले. पुढे २०१६ साली नवे आले, आणि त्यानंतरचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांचा अर्थ साध्या शब्दांत असा. कंपनीनं जितका माल विकला, त्याच्या ठरावीक हिश्श्याइतका जुना माल नोंदणीकृत कारखान्यात रीतसर मोडला गेला पाहिजे, आणि त्याचं प्रमाणपत्र कंपनीनं पैसे देऊन घ्यायचं. हा हिस्सा २०२३-२४ आणि २०२४-२५ या वर्षांसाठी ६० टक्के होता, त्यापुढच्या दोन वर्षांसाठी ७० टक्के. टीव्हीसारख्या वस्तूंसाठी कंपनीनं कारखान्याला किलोमागे किमान २२ रुपये द्यावेत असं सरकारनं ठरवलं, तेव्हा २०२५ साली काही मोठ्या कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. काकूंच्या साडेपाच किलोच्या टीव्हीला या दरानं १२१ रुपये होतात. म्हणजे ज्याला आपण बिनकामाचं धूड म्हणतो, त्याच्यावरून कोर्टकचेऱ्या चालतात!

आता अडचण. असे नोंदणीकृत कारखाने मुख्यतः मुंबई, ठाणे, पुण्याच्या बाजूला. आमच्या शेवगावाहून नगर पासष्ट किलोमीटर (२०२४ पासून जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण आमच्या तोंडी अजून नगरच बसलंय), आणि पुणे त्याच्याही पुढे. एक टीव्ही घेऊन एवढ्या लांब जाणं म्हणजे चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला. म्हणून मला दोनच वाटा व्यवहाराच्या वाटतात.

एक, नवा टीव्ही घेतानाच जुना दुकानदाराच्या गळ्यात मारा. पण आधी भाव नुसता विचारा, जुन्याचं नाव न काढता. तो ठरला की मग म्हणा, "आणि जुना देते, त्याचे किती कमी कराल?" आधीच सांगितलं तर जुन्याचे हजार कमी करून नव्यात बाराशे वाढवणारे महाभाग असतात. दुकानदार "आम्ही नेत नाही" म्हणाला तर बिलावरचा कंपनीचा ग्राहकसेवा क्रमांक फिरवा आणि जुना माल कुठे जमा करायचा ते विचारा.  दोन-तीनदा फोन करावा लागेल, पण आपल्याला रेशनच्या रांगेची सवय आहे.

दुसरी वाट मला जास्त आवडते. भिशीच्या किंवा बचत गटाच्या बैठकीला विषय काढा. दहा-बाराजणींच्या घरी मिळून दोन-तीन टीव्ही, चार मिक्सर, मुलांचे जुने मोबाइल, जळालेल्या इस्त्र्या, चार्जरचा गुंता असा चांगला शंभर किलोचा ढीग निघतो. एवढा माल असला की नोंदणीकृत कारखान्याची गाडी यायला तयार होण्याची शक्यता वाढते. कारखान्यांची यादी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर आहे. घरातल्या कॉलेजच्या मुलीला सांगा, ती पाच मिनिटांत काढून देईल. माल देताना पावती घ्या आणि तिच्यावर वजन लिहून घ्या. फुटलेल्या नळीची ती बरणीही याच ढिगात, वर चिठ्ठी लावून द्या.

टीव्ही चालू असेल आणि नुसता लहान म्हणून नकोसा झाला असेल, तर वाडीवस्तीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा अंगणवाडीत विचारून पाहा. पेन ड्राइव्ह लावायची सोय असली तरी त्यांचं काम भागतं. मात्र देण्यापूर्वी बाईंना विचारा, भिंतीला खुंटी आणि विजेचं बटण आहे ना? नाहीतर तो तिथेही चादरीतच राहायचा.

आणि टीव्ही स्मार्ट असेल तर दाराबाहेर काढण्याआधी त्यातलं तुमचं खातं, पासवर्ड, मुलांची नावं पुसून टाकायला विसरू नका. सेटिंगमध्ये जाऊन सगळं मूळ स्थितीला आणायचा पर्याय असतो. पडदा बंद पडलेला असेल तर फोनवरून त्या खात्यात जाऊन तो टीव्ही काढून टाकता येतो. रिमोटमधले सेल काढून घ्या. चांगले असतील तर भिंतीवरच्या घड्याळाला चालतील, पाझरलेले असतील तर तेही त्या ढिगातच घाला.